फुलपात्रातला पाऊस

सादडखिंडीत आभाळाचं दोघंच सांगायची. येक मी, गोजराबाई. दुसरा माजा धाकटा भाऊ भिकाजी. त्यो मुंबईत टीव्हीवर सांगायचा, कोट घालून, हातात काटी घिऊन, नकाशाम्होरं हुबा ऱ्हाऊन. मी हितं बांदावर, न्हाईतर नळावर. त्यानं "उद्या पाऊस" म्हनलं की लोकं वाळत घातलेलं उचलून घरात घ्यायची. मी म्हनलं की हसायची.

त्यांचं चुकत न्हवतं. ताम्हिनीच्या धुक्यात म्हैस हरवली तवा मी धुकं सुपानं पाखडलं आन् म्हैस येगळी काडली, ही गोष्ट मी इतक्या डाव सांगितलीया की आता मला त्या म्हशीच्या कपाळावरचा चांदवा बी आटवतो. आमच्या वड्यातल्या खेकड्यानं चिखलात रुतलेली बैलगाडी वडून काडली, ही बी माजीच. पोरं आजून मागत्यात, "आज्जे, खेकड्याची सांग." मी सांगते. दरवक्ताला गाडीत आनिक दोन पोती टाकते.

पर ह्या गोष्टीत फुलपात्रभर बी पानी घातल्यालं न्हाई.

भिका आमच्या आळीतला पयला म्याट्रिक. बाप गेनबा गावाची लाकडं फोडायचा, आन् पोरगं पुन्यात बोर्डिंगात ऱ्हाऊन पन्नास साली पास झालं. मंग पुन्यातच शिमला हाफिसात लागलं. हवामानाचं हाफिस त्ये. तितं त्याला पयलं काम मिळालं मोटं फुगं आभाळात सोडायचं. वारं कुटनं कुटं जातंय त्ये त्या फुग्यावरनं कळायचं. आमच्या आयला त्ये काई उमगलं न्हाई. ती मरंस्तवर म्हनायची, "येवडं शिकून पोरगं फुगं इकतंय."

पंचवीस वर्सं त्यानं तितं आकडं लिवलं. मंग मुंबईला टीव्ही आला. हवामान सांगायला मानूस पायजे व्हता. चांगलं बीयस्सी झालेलं सायेब लोक हुबं केलं, तर त्ये 'आर्द्रता' म्हनायचे आन् त्यास्नीच घाम फुटायचा. भिका निस्ता म्याट्रिक, पर त्यो म्हनला, "उद्या दुपारपर्यंत धुनं वाळेल, मग मात्र आत घ्या." झालं. पंचाहत्तर साली त्याला मुंबईला नेलं आन् रिटायर हुईस्तवर तितंच ठिवलं.

मुंबईला गेला त्यो गावाला तुटला. दोन वर्सांतनं येकदा यायचा. पत्र न्हाई. बायको त्याची आजारी आसायची, त्यातच त्यो आडकलेला. मला त्यो दिसायचा त्यो निस्ता काचंतला.

त्या आगुदर त्यानं माज्यासाटी येक काम करून ठिवलं व्हतं. आमच्या शाळंच्या आवारात पाऊस मोजायचं नळकांडं हाय. वर नरसाळं, आत बाटली, बाहेरनं डबा. रोज सकाळी साडेआटला बाटलीतलं पानी काचेच्या मापात वतायचं, रेघ बगायची, वहीत आकडा लिवायचा. त्ये काम मास्तरकडं व्हतं. मास्तरची बदली झाली तवा भिकानं माज्या नावानं अर्ज लिवला, आन् आट दिस हितं ऱ्हाऊन मला आकडं शिकिवलं. "आक्का," म्हनला, "रेघंच्या समोर डोळा धरायचा. वरनं बगितलं की कमी दिसतं, खालनं बगितलं की जास्त."

आकडा लिवला की मी मैलभर खाली पोस्टात जायची. तितला वाल्मीकमास्तर फोनवरनं त्यो पुन्याला सांगायचा, आन् तितनं त्यो संध्याकाळपत्तूर मुंबईला भिकाच्या टेबलावर.

आता हे बी आयका. गावानं आमच्या आळीच्या हातचं पानी कदी घेतलं न्हवतं. आन् गावावर पडल्यालं समदं पानी आता माज्या हातनं मोजून म्होरं जात व्हतं. नळकांड्यापशी येकटी आसले की मी मोट्यानं हसायची.

गावात टीव्ही आला त्यो हैबतरावाकडं. सत्त्याहत्तर साली. हैबतराव म्हंजी वड्यापल्याडच्या समद्या भातखाचरांचा धनी. त्याच्या छपरावर बांबू बांदून अँटेना लावला, त्यो वाऱ्यानं फिरला की पडद्यावर मुंग्या. ओसरीवर वरल्या आळीची मानसं बसायची, आमी खाली आंगनात, पोत्यावर.

त्या आखाडात येके संध्याकाळी भिका काटी फिरवत म्हनला, "मुळशी तालुक्यात सर्वाधिक पाऊस सादडखिंड इथं. अठ्ठ्याण्णव मिलिमीटर."

गावाचं नाव आजवर येश्टीच्या पाटीवर बी कुनी लिवलं न्हवतं.

हैबतरावाची बायको तुळजाबाई उटून हुबी ऱ्हायली. "अगं गोजरे! तुज्या भावानं आपलं नाव घेतलं की गं टीव्हीवर!"

"आकडा माजाच हाय त्यो, वैनी," मी खालनं वरडले.

"मंग तितं चिखलात काय बसलीयास? ये वर."

हैबतरावानं तिच्याकडं बगितलं. तिनं त्याच्याकडं बगितलं न्हाई. मला ओसरीवर बसिवलं आन् चा दिला. तिच्या हातात जसा कप तसाच माज्या हातात, निळ्या फुलांचा. माजं वय तवा एकावन्न. एकावन्न वर्सांत त्या घरात मी वंजळीत पानी प्याले व्हते, वरनं वतल्यालं.

चा गोड व्हता का कसा, मला आटवत न्हाई. कपाचा कान बोटाला कसा लागला त्ये आटवतंय.

पर दोन दिसांनी ताम्हिनीला जास्ती पडला. भिकानं ताम्हिनी म्हनलं. मला वर कुनी बोलिवलं न्हाई. तुळजाबाई शेजघरात व्हती, आन् बाकीच्यांच्या ध्येनात बी न्हवतं. मी पोत्यावर बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळकांड्यात निगालं त्रेपन्न. माज्या हातात तोंड धुवायचं फुलपात्र व्हतं. येक फुलपात्र पानी म्हंजी धा मिलीमीटर, हे मला तवाच कळलं. मी दोन वतली.

त्र्याहत्तर. सादडखिंड सगळ्यांत जास्ती. निळ्या फुलांचा कप.

मंग ती खोडच लागली. आन् निस्त्या कपाची न्हवं. भिका गावाचं नाव घ्यायचा तवा त्याचा आवाज जरा ढिला पडायचा, घरात येऊन बसल्यावानी. दुसऱ्या कुनाच्या ध्येनात यायचं न्हाई. मला यायचं.

दिवाळीला त्यो आला. जेवता जेवता म्हनला, "आक्का, ताम्हिनीत चाळीस, आन् तुज्याकडं नव्वद? ढग काय तुज्या दारातच मुतला?"

"आरं, फनसाच्या फांदीत आडाकला व्हता त्यो," म्हनलं. "काटीनं बडिवला तवा सुटला."

भिका हसला. लई हसला, ठसका लागला त्याला. पर म्होरं काई इचारलं न्हाई. मला वाटलं, सुटले.

म्होरल्या सालच्या आखाडात मी सत्तर धाडले. टीव्हीवर ताम्हिनी पयली, मागनं सादडखिंड पन्नास. मला वाटलं वाल्मीकमास्तरला कानानं कमी आलं. दुसऱ्या दिशी जाऊन त्याला झापलं, तर त्यानं वही म्होरं केली. "हे बगा गोजराबाई, सत्तर. सातावर पूज्य." तवा माज्या डोक्यात परकाश पडला. भिका कापत व्हता. माजी दोन फुलपात्री त्यानं तितं मुंबईत बसून बरूबर काडून टाकली व्हती.

बरं लेका, म्हनलं. दुसऱ्या दिशी तीन वतली. त्यानं तीस कापलं. मंग चार. बांगडीवाल्यासंगं घासाघीस करावी तशी आमची बहीन-भावंडांची चालायची, येक शबुद न बोलता, आन् समद्या म्हाराष्ट्राच्या डोळ्यादेकत. कदी त्यो हारायचा, कदी मी. त्यानं कमी कापलं की सगळ्यांत जास्ती म्हनून नाव आमचं लागायचं.

तुमाला म्हनून सांगते, मला त्यात लई गोडी लागली. भाऊ पत्र धाडत न्हाई, भेटाया येत न्हाई, पर रोज संध्याकाळी माजा आकडा हातात धरून त्यातलं आभाळाचं पानी किती आन् आक्काचं किती, येवडा इचार करतोय. मंग आनिक काय पायजे?

आसं येक साल गेलं. मंग एकुणऐंशीचा आखाड आला.

दिसभर आन् रातभर पाऊस आसा पडला की घरात बोललेलं आयकू येत न्हवतं. सकाळी शाळंत गेले तर आतली बाटली भरून बाहेरच्या डब्यात पानी सांडलेलं. माप इस मिलीमीटरचं. येक भरलं, वतलं. दुसरं भरलं, वतलं. पंधरा डाव माप भरलं आन् वर बारा.

तीनशे बारा.

आजवर आसा आकडा मी लिवला न्हवता. खोटा बी लिवला न्हवता. इतकं खोटं माज्या बी तोंडात मावलं नसतं. त्यात काय वतायचं? फुलपात्र घरीच ऱ्हायलं व्हतं. माप मोजंल तसं पानी मी शाळंच्या कुडाजवळच्या मिरच्यांना वतलं, रोजच्यावानी, आन् पोस्टात गेले.

"तीनशे किती?" वाल्मीकमास्तर म्हनला.

"बारा."

"गोजराबाई, नोकरी जाईल माजी."

"सांग तू. खरं हाय."

त्यानं सांगितलं. मी बगत हुबी ऱ्हायले.

दुपारी पाऊस थांबला. ऊन सुदीक पडलं, कावीळ झाल्यावानी पिवळं. पर वर खिंडीवर काळं तसंच बसल्यालं व्हतं, आन् डोंगर फुगल्यावानी दिसत व्हता. वड्यापल्याड हैबतरावाची आवनी ऱ्हायली व्हती, भाताचं रोप पिवळं पडाया लागलं व्हतं. संध्याकाळी ओसरीवर त्योच इषय. उद्या बायका घिऊन जायाचं का न्हाई.

तुळजाबाईनं मला चा दिला. "गोजरे, किती गं आज?"

"तीनशे बारा, वैनी."

"आन् त्यातला खेकडा किती?"

समदी हसली. मी बी हसले. सवयीनं हसले.

मंग भिका आला. काटी आमच्या डोंगरावर टेकवून म्हनला, "सादडखिंड इथं एकशे बारा मिलिमीटर. घाटमाथ्यावरचा पावसाचा जोर आता ओसरतो आहे. राहिलेली आवणी उरकून घ्यायला हरकत नाही."

कप माज्या हातात व्हता. त्यो मांडीवर ठिवला.

"आबा, त्ये चुकलंय," मी हैबतरावाला म्हनलं. "तीनशे बारा हाय. भिकानं दोनशे कापल्यात. उद्या वड्यापल्याड कुनाला धाडू नगा."

हैबतराव टीव्हीकडं बगत म्हनला, "त्यो कशाला कापंल?"

आता हितंच समदं व्हतं. मी फकस्त म्हनायचं व्हतं, मी पानी वतते म्हनून कापतोय. दोन सालं वततीया. तुमच्या ओसरीवर बसाया मिळावं म्हनून. येवडंच. ओसरी भरलेली व्हती. खाली आंगनात आमची आळी बसली व्हती, माज्याकडं मान वर करून बगत. आन् माज्या मांडीवर निळ्या फुलांचा कप.

"चुकून," मी म्हनलं.

"टीव्हीवर चुकून बोलत न्हाईत, गोजराबाई. सख्खा भाऊ हाय तुजा. त्याचा तरी मान राक."

तुळजाबाईनं माज्या खांद्यावर हात ठिवला. "लई भ्याली गं ही. उद्या मी सोता जाते बायकांसंगं, मंग तर झालं? आन् वड्यात तुजा खेकडा हायेच की, काडंल आमाला वडून."

पुना समदी हसली.

सकाळी पाऊस भुरभुरत व्हता. खिंडीवर मातर पहाटंपास्नं झोडपत व्हता, त्ये खाली कुनाला कळलं न्हाई. डोंगर आदीच तीनशे बारा पिऊन बसल्याला. त्याच्या पोटात आनिक थेंबाला जागा न्हवती.

साडेआटला मी दुसरं माप डोळ्यासमोर धरून बगत व्हते. सत्तावीस. तेवड्यात खालनं वरडा आला.

चौघी बायका आदी पल्याड गेल्या व्हत्या. तुळजाबाई शेवटी, रोपाच्या मुठी डोक्यावर घिऊन. लोंढा वळनावरनं आला. बायका म्हनत्यात, पानी आदी दिसलं न्हाई, आवाज आला, आन् मंग वैनी व्हती तितं रोपाच्या मुठी तरंगत व्हत्या.

दिस मावळताना सापडली. दोन मैलांवर, करंजीच्या मुळांत.

भिका चौथ्या दिशी आला. गावानं पेपरात धाडलं न्हवतं, वाल्मीकमास्तरनंच फोन केला आसनार. त्यो घरात आला, पायतान काडलं न्हाई, कोनाड्यातली माजी वही घेतली. पान काडलं. बोट आकड्यावर ठिवलं.

"आक्का, ह्यात तुजं किती?"

"काई न्हाई."

"खरं सांग."

"पंधरा डाव माप भरलं आन् वर बारा. समदं आभाळाचं."

"पानी कुटं हाय?" येड्यावानी इचारलं त्यानं. चार दिसामागचं पानी.

"मिरच्यांना वतलं."

त्यो खाली बसला. "तीनशे कोन लिवतं, आक्का? मला वाटलं ह्या टायमाला तू हंडाच वतलास. खरं धरलं आसतं तर सायबाला उटवलं आसतं मी. वड्याकाठी जाऊ नगा म्हनलो आसतो. म्या काय म्हनलो? आवनी उरकून घ्या म्हनलो."

"तू मला इचारायचं व्हतंस," मी म्हनलं.

"तू सांगायचं व्हतंस."

दोगं बी खरं बोललो. त्याचा काई उपेग झाला न्हाई.

मंग त्यो हैबतरावाकडं गेला. मी मागं. मला वाटलं, त्यो सांगनार. त्याला वाटत आसंल, मी सांगनार. हैबतरावानं डोकं भादारलं व्हतं. त्यानं भिकाला ओसरीवर घेतलं, सोताच्या सतरंजीवर. "तुजा दोष न्हाई, भिकाजी," म्हनला. "आभाळाचं कुनाला कळतंय?" सुनंनं चा आनला. निळ्या फुलांच्याच कपात. भिका त्या कपाकडं बगत बसला, साय धरंस्तवर. मी बी बोलले न्हाई. त्यो बी बोलला न्हाई. हैबतराव म्होरं सा वर्सांनी गेला, त्ये न कळताच गेला.

भिकाची नोकरी गेली न्हाई. कशाला जाईल? कुनाला म्हाईतच न्हवतं. धा वर्सं त्यो म्होरं बोलत ऱ्हायला. केस पांडरं झालं, चष्मा आला. रंगीत टीव्ही आला तवा कळलं त्याचा कोट तपकिरी हाय. मी इतकी वर्सं काळा समजत व्हते. माज्या लेकानं घरात टीव्ही घेतला, त्यामुळं मला कुनाच्या ओसरीवर जायाचं कारन ऱ्हायलं न्हाई.

त्या धा वर्सांत मी थेंब बी वतला न्हाई. ताप आसला तरी साडेआटला नळकांड्यापशी. खरा आकडा, रोज. आन् त्या धा वर्सांत भिकानं सादडखिंड हे नाव तोंडातनं काडलं न्हाई. त्र्याऐंशी साली येकदा आमच्याकडं दोनशे चाळीस पडला, समद्या तालुक्यात जास्ती. मी टीव्हीम्होरं बसले. भिकाची काटी आमच्या डोंगरापत्तूर आली, थांबली. "मुळशीच्या घाटमाथ्यावर जोरदार पाऊस," म्हनला, आन् काटी कोकनात उतरली. खरं धरलं का कापलं, त्ये बी मला कळलं न्हाई.

एकुणनव्वद साली त्यो रिटायर झाला. बायको गेली व्हती, पोरबाळ न्हवतं. येक ट्रंक आन् त्यो कोट घिऊन हितं आला. आता पडवीत ऱ्हातोय. कुनी गावात आलं की इचारतंय, "काका, उद्या पडंल का?" तर म्हनतोय, "मला काय म्हाईत?"

ही गोष्ट मी येक-दोगांना सांगून बगितली. तुळजाबाईच्या लेकाला बी सांगितली, त्याच्या दारात हुबी ऱ्हाऊन, फुलपात्रापास्नं समदी. त्यानं आयकून घेतलं आन् म्हनला, "मावशे, आयची आटवन काडतीस, बरं वाटतं. पर तिच्यावर तरी गोष्टी रचू नगंस." मी परत आले.

भिका रिटायर हून आला त्या सालच्या आखाडात, येके सकाळी, त्यो माज्या मागनं शाळंत आला. न सांगता. मी बाटली काडली, माप भरलं, डोळा रेघंच्या समोर धरला. "अठरा," म्हनलं.

त्यानं हात म्होरं केला. मी माप त्याच्या हातात दिलं. त्यानं चष्मा वर केला, माप उजेडाला धरलं, रेघंच्या समोर डोळा आनला. मंग नळकांड्याभवतीचं गवात बगितलं, कुटं सांडल्यालं हाय का. मंग माजा दुसरा हात बगितला. रिकामा व्हता.

"अठरा," म्हनला, आन् वहीत सोताच्या हातानं लिवलं.

तवापास्नं रोज येतोय. त्यो बगंस्तवर मी मापातलं पानी वतत न्हाई.